वडील पाणीच पीत नाहीत, अकोल्याचा उन्हाळा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. अकोल्यात ते आणि आई दोघंच असतात. पारा ४५ च्या आसपास आहे. गेल्या मंगळवारी पूजा आटोपून पाटावरून उठताना बाबांना भोवळ आली. दवाखान्यात दोन सलाईन लागल्या, रक्तातलं क्रिएटिनिनही (किडनी कसं काम करतेय ते दाखवणारं) थोडं वाढलेलं निघालं. अंगात पाणी कमी पडलंय, असं डॉक्टर म्हणाले.

मी पुण्याहून आले ती चार दिवस बघतेय. आई रात्री त्यांच्या उशाशी तांब्या आणि फुलपात्र ठेवते. सकाळी तांब्या काठोकाठ तसाच, फुलपात्र कोरडं. विचारलं तर म्हणतात, "अगं, तहानच लागत नाही." उतारवयात तहानेची जाणीव कमी होते, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण खरं कारण काल आईकडून कळलं. प्रोस्टेटमुळे रात्री चार-चारदा उठावं लागतं, आणि मागच्या वर्षी बाथरूमच्या दारात पाय घसरला होता. तेव्हापासून दुपारी चारनंतर ते पाण्याला शिवत नाहीत. ऐकून पोटात तुटलं हो.

त्यात बीपीच्या गोळ्यांमध्ये एक लघवी वाढवणारी आहे आणि मीठ कमी करायला सांगितलंय. त्यामुळे मीठ घालून ताक, पन्हं रोज द्यायचं तर जीव धजावत नाही. आईने ओआरएसची लिटरभर पाण्याची पुडी एका ग्लासात कालवून दिली होती! ते लगेच थांबवलं. जुलाब-उलट्या नसताना बीपीच्या माणसाला ते रोज द्यायचं नसतं.

सध्या जास्तीत जास्त पाणी दुपारच्या जेवणाआधी पोटात जाईल असं बघतेय. माठात वाळा टाकलाय, त्या वासाने अर्धा पेला तरी जास्त जातो. शिवाय बिनमिठाचं ताक, पातळ वरण, कलिंगडाच्या फोडी. दिवसाला किती पाणी चालेल आणि ती गोळी कधी घ्यायची, हे सोमवारी डॉक्टरांना विचारणार आहे.

तुम्हाला विचारायचंय ते रात्रीचं. पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवू म्हटलं, तर बाबा दोन तास बोललेच नाहीत. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, त्यांना ते फार लागलं. तुमच्या घरी कुणी असं असेल तर कसं समजावलंत? बाथरूमच्या वाटेवर धरायला दांडा, रात्रभर जळणारा दिवा, याने भीती गेली का? मंगळवारी मला परत निघायचंय, त्याआधी काहीतरी बसवून जायचंय.

कृपया लवकर सांगा.