अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिल्याच दिवशी सायकल नको

तीन दिवस अ‍ॅमस्टरडॅम, सोबत आईबाबा, आणि उतरल्या उतरल्या सायकली भाड्याने घ्याव्यात का, असं एकाने विचारलंय. माझं मत, पहिला दिवस ट्राम आणि पायी. तिथले सायकलवाले सुसाट असतात, आधी नुसतं बघून घ्या. शिवाय वाहतूक उजवीकडून, आणि आपली मान सवयीने नेमकी उलटीकडे वळते. लालसर पट्टा सायकलींचा असतो, तिथे फोटोसाठी उभे राहू नका.

दुसऱ्या दिवशी फोंडेलपार्क या बागेत सायकलीवर हात बसवा. भाड्याच्या बऱ्याच सायकलींचा ब्रेक पेडलमध्ये असतो, उलटं दाबलं की थांबते. मी सवयीने पेडल मागे फिरवलं आणि असा गचका बसला की विचारू नका! रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असली, तर आडव्या येणाऱ्यांना आधी जाऊ द्या. ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक खोबणीत अडकतं. मोबाईल हातात धरून चालवलं तर दंड आहे, नकाशा कडेला थांबून बघा.

बहुतेक ट्राममध्ये सायकल नेता येत नाही. तिकिटाऐवजी काँटॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण माणशी वेगळं, आणि चढताना टेकवलेलंच कार्ड उतरतानाही टेकवायचं. सेंट्रल स्टेशनमागून पाण्यापलीकडे जाणारी फेरीबोट मात्र फुकट, सायकलसकट. आईबाबांना बहुतेक तीच जास्त आवडेल.