मदत हवी आहे: आजीचे भुलाबाईच्या गाण्यांचे व्हिडिओ वाचवायचेत, कार्डवाला अँड्रॉइड घेऊ की मामेभावाचा आयफोन?

नमस्कार दादा-ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका खेड्यात राहते. थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा जी.

माझी आजी ऐंशीच्या वर आहे, तिला भुलाबाईची जेवढी गाणी येतात तेवढी आता आमच्या गावात कोणालाच येत नाहीत आणि कुठं लिहूनही ठेवलेली नाहीत. तीन वर्षं झाली, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर फोन धरून बसते. "मले आठवते तसं म्हणतो मी, तू भरून ठेव त्याच्यात," म्हणते. मधात विसरली की डोळे मिटून बोटानं मांडीवर ताल धरते आणि पुढची ओळ बरोबर येते. असे ४१ व्हिडिओ झाले होते, आता ३० उरलेत.

झालं असं की फोन ६४ जीबीचा, सिस्टीम आणि ॲपमध्येच अर्धा भरतो, उरलेला व्हॉट्सॲप खातं. म्हणून आठवडी बाजारातून १२८ जीबीचं स्वस्त मेमरी कार्ड आणलं. फोनमध्ये १२८ दाखवायचं पण नकली निघालं, ३० जीबीच्या आसपास भरल्यावर पुढच्या फाईली नुसत्या नावाला, उघडतच नाहीत. मी फोनातून आधीच डिलीट करून बसले होते. आजीला अजून सांगितलं नाही.

गूगलचे १५ जीबी पण फुल आहेत. २०२१ च्या जूनपासून फोटो त्यातच मोजतात, आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच, आणि भरलं की जीमेलवर मेल येणंच बंद, माझ्या परीक्षेचा मेल तसाच राहिला. १०० जीबीला महिन्याचे १३० रुपये दाखवतंय, ते मी देईन एकवेळ, पण खरी अडचण पैशाची नाहीच. माझा पॅक रोजचा दीड जीबीचा, एका मिनिटाचा व्हिडिओ सव्वाशे एमबी होतो, म्हणजे आजीचं दहा मिनिटांचं एक गाणं चढवलं की दिवसभराचं नेट जवळपास संपलं, त्यात लाईन गेली की टावरही जातो आणि अपलोड पुन्हा अडकून पडतं. शहरातले लोक क्लाउडवर टाक म्हणतात तेव्हा हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

पुण्याचा मामेभाऊ त्याचा जुना आयफोन ११ देतो म्हणतो, कॅमेरा आणि आवाज खूप छान आहे, मी ऐकून पाहिलं. पण तोही ६४ चाच आणि आयफोनला कार्ड टाकायची जागाच नसते. आयक्लाउड, म्हणजे ॲपलची ऑनलाइन जागा, फुकटात फक्त ५ जीबी, आणि तिथं फोनातून फोटो डिलीट केला की आयक्लाउडमधूनही जातो, ३० दिवस तेवढा परत आणता येतो. गूगल फोटोजमध्ये 'जागा मोकळी करा' केलं तर फक्त फोनातला जातो, वरचा राहतो, मला हे जास्त भरवशाचं वाटतं. गूगल फोटोज आयफोनवरही चालतं म्हणा, पण १५ जीबी तर तेच, खातं एकच.

दुसरं म्हणजे भारतात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइड. अमेरिकेत अर्ध्याहून जास्त आयफोन असतील, पण मला दुरुस्ती घाटंजीत करायची आहे. इथल्या दुकानात अँड्रॉइडचा डिस्प्ले तासाभरात बसवून देतात, आयफोनचं नाव काढलं की नागपूरला जा म्हणतात. आयफोन ११ ची पिन वेगळी, घरात सगळे टाईप सी.

माझं मन कार्डवाल्या अँड्रॉइडकडे आहे, बजेट १२ हजार, सोयाबीन विकल्यावर बाबा देतो म्हणाले. आता हे सांगा:

१. चांगलं कार्ड खरं आहे की नकली, ते व्हिडिओ टाकायच्या आधी कसं तपासायचं? सेतू केंद्रातला कॉम्प्युटर वापरू देतात.

२. ३० व्हिडिओ पेनड्राईव्हवर ओटीजीनं (पेनड्राईव्ह सरळ फोनला जोडायची पिन) कॉपी केले तर किती वर्षं टिकतील? दोन पेनड्राईव्ह घेऊ का, एक यवतमाळला मावशीकडे ठेवते.

३. त्या नकली कार्डातले ११ परत येऊ शकतात का? कार्ड मी फॉरमॅट केलेलं नाही, डबीत ठेवलंय.

तिसऱ्याचं उत्तर कोणाला माहीत असेल तर आधी तेच सांगा. त्यातली दोन गाणी तिला यंदा आठवली नाहीत.