विदर्भ निधी : गावातल्या निसर्ग अभ्यासकांसाठी पहिला वर्ग

प्रेषक: अर्जुनी मोरगावकर, सध्या ऑस्टिन

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या विदर्भ निधीतून यंदा पुन्हा शाळांना संगणक द्यायचे की दुसरं काही करायचं, यावर सभेत बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून माझा प्रस्ताव लेखी मांडतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांच्या पट्ट्यात आपण नवशिक्यांचा एक वर्ग उभा करू या. आपल्या गावचा निसर्ग ओळखायचा आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या, एवढंच त्यात शिकवायचं.

इथे टेक्सासात मास्टर नॅचरलिस्ट नावाचा, निसर्गासाठी स्वयंसेवक घडवणारा अभ्यासक्रम आहे. किमान 40 तास शिकायचं, मग वर्षभरात 40 तास सेवा आणि वर 8 तासांचं पुढचं शिक्षण. जीवशास्त्राची पदवी कुणी विचारत नाही. सांगाडा चांगला आहे. पण तो जसाच्या तसा उचलून तालुक्याच्या सभागृहात नेला, ऑनलाइन अर्ज मागवले आणि शनिवार-रविवार वर्ग भरवला, तर कोण येईल ते आत्ताच सांगता येतं. मास्तरांची मुलं, दुकानदारांची मुलं, एखादा कॅमेरावाला. त्यांनीही यावंच. पण तलावावर आणि जंगलावर ज्यांचं पोट आहे, ते बाहेरच राहतील.

आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. त्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरतात ते ढिवर. तलावात बेशरम नावाची झुडपं माजली, तळाच्या पाणवनस्पती गेल्या, की देशी मासे कमी होतात, हे ढिवर बाईला कुणी शिकवावं लागत नाही. भंडारा-गोंदियात या समाजाच्या बायकांनी बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्याही आहेत. सारसाचंही तसंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः याच पट्ट्यात उरलाय. पावसाळ्यात धानाच्या बांदीत घरटं करतो, बहुधा दोन अंडी घालतो. निंदायला गेलेल्या बाईला ते घरटं सगळ्यांच्या आधी दिसतं. ती बाई आपल्या वर्गात नसेल तर वर्ग कुणाचा?

आणखी एक. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची वही, हवी. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि देशभर वह्या भराभर पुऱ्या झाल्या. एका गावची वही मी चाळली. पक्ष्यांच्या पानावर मोर, पोपट, चिमणी, बगळा, आणि खाली पान कोरं. त्या गावच्या तलावावर हिवाळ्यात पाहुण्या बदकांचे थवे उतरतात, कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालतात. आपल्या वर्गाने हे पान भरून द्यावं. वेगळी परीक्षा नको.

माझ्या अटी: फी नाही, शिक्षणाची अट नाही, आणि जितके दिवस वर्ग तितक्या दिवसांची मजुरी रोख.

आपला,
अर्जुनी मोरगावकर

*

प्रेषक: खजिनदार (मूळ अमरावती)

दादा, कल्पना मनापासून आवडली. पण मजुरी देऊन शिकायला बोलावलं तर लोक मजुरीसाठी येतील, शिकायला नाही. ही माझी पहिली शंका.

दुसरी गोष्ट शंका नाही, कायदा आहे. आपलं मंडळ अमेरिकेत नोंदलेलं, म्हणजे भारताच्या दृष्टीने विदेशी स्रोत. पैसा फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, असलेल्या संस्थेला देता येतो, आणि तोही नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यात. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे नागपूरच्या मोठ्या संस्थेने घ्यायचा आणि गावातल्या मंडळाला द्यायचा, हा जुना रस्ता बंद. प्रशासकीय खर्चालाही 20 टक्क्यांची मर्यादा आहे. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांना, मात्र ही सवलत नाही.

तेव्हा वर्ग घेणारी संस्था स्वतःच एफसीआरएवाली हवी आणि तिची माणसं स्वतः गावात राबणारी हवीत. अशी संस्था सापडली तर मी बाजूने आहे.

*

प्रेषक: ताई (मूळ सावली, जि. चंद्रपूर), न्यू जर्सी

भाऊ, मजुरीचं मी सांगते. आमच्याकडे मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, त्या पुड्यांवर पुढचे कितीतरी महिने घर चालतं. असा एक दिवस बुडवून ‘पक्षी बघायला या’ म्हणणं बरं नाही. मजुरी ही लालूच नव्हे, तिचा बुडालेला दिवस आपण भरून देतो आहोत. तालुक्याच्या कार्यशाळेत सरकारी माणूस पगारी दिवसावर बसतो, तेव्हा तो पगारासाठी आला असं कुणी म्हणत नाही.

तारखांचं बघा. मोह-तेंदूच्या दिवसांत वर्ग नकोच. त्याच दिवसांत माणसं जंगलात जास्त असतात आणि वाघाशी गाठ पडते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ही रोजची भीती आहे. जुलै-ऑगस्टात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी. डिसेंबर ते फेब्रुवारी मोकळा. वर्ग दहाला सुरू करा, चारला संपवा. अंधारात कुणाला घरी चालत जावं लागू नये. आणि वाघाच्या भागात कसं वागायचं, एकटं वाकून का बसू नये, हे पहिल्याच दिवशी शिकवा.

माझ्या मावसभावाला दिसत नाही. तांबटाची ठोकठोक, टिटवीचं ओरडणं, पावशाचा चढत जाणारा सूर तो बरोबर ओळखतो. कोतवाल दुसऱ्याची नक्कल करतोय तेही त्याला आधी कळतं. यादीत ‘ऐकला’ असा रकाना ठेवा, म्हणजे त्याच्यासारखी माणसं पूर्ण विद्यार्थी म्हणून येतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांची पानं करा. बायकांसाठी संडास आणि लहान लेकरांना सांभाळणारी एक बाई, हे खर्चात आधी धरा, शेवटी उरलं तर नव्हे.

आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही करू नका. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं गावात अभ्यासगट चालत होते. लोक एकत्र बसून कायदे समजून घेत होते, आपलं जंगल समजून घेत होते. आपल्या वर्गाला नमुना हवा तर तो तिथे आहे, टेक्सासात कशाला शोधायचा?

*

प्रेषक: अर्जुनी मोरगावकर

ताई, तुमचं सगळं घेतो. मेंढा-लेखाचं तर पहिल्या पानावर घेतो.

खजिनदारसाहेब, मजुरी आणि मानधन दोन्ही शिक्षणाच्या थेट खर्चात दाखवू, लपवायचं काही नाही. मानधन का म्हणतो ते सांगतो. जाळं टाकणारी बाई आणि मोह वेचणारी आजी यांना वर्गाच्या निम्म्या तासांसाठी शिक्षक करायचं. मासे, पाणवनस्पती, रानभाज्या त्यांनी शिकवायच्या. बाहेरून आलेल्या अभ्यासकाने दुर्बीण कशी धरायची, नोंदीत तारीख-जागा-संख्या का लागते आणि मोबाईलवर फोटो कसा चढवायचा हे शिकवावं. गोंडी बोलणारा एक सहायक लागेलच, प्रमाण मराठीत बोललं की अर्धी माणसं गप्प बसतात.

सारसाचं घरटं डिसेंबरात दिसणार नाही. म्हणून निंदण आटोपल्यावर सप्टेंबरात दोन दिवस वेगळे ठेवू, ज्याच्या बांदीत घरटं आहे त्या शेतकऱ्याच्या परवानगीने आणि लांबूनच. बाकीचा वर्ग हिवाळ्यात. 8 बाय 42 च्या सहा दुर्बिणी पुरतील, चौघांत एक. वर्ग संपला की त्या ग्रामसभेकडे राहतील, संस्थेच्या कपाटात नाही.

आता हवं आहे ते एवढंच: भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीत स्वतः काम करणारी एफसीआरए संस्था कुणाच्या ओळखीची असेल तर इथे सगळ्यांसमोर न लिहिता मला थेट कळवा. त्यांना विचारल्याशिवाय नाव चव्हाट्यावर नको. आणि ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी खजिनदारांना वेगळं लिहा.

आपला,
अर्जुनी मोरगावकर