मदत हवी आहे: ब्रिटनमध्ये घरगुती फराळ विकायचाय – लिमिटेड, लोन आणि हिंग

नमस्कार मंडळी,

लंडनच्या पश्चिमेला राहते. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट. मला नोकरी-धंदा दोन्हीची मुभा आहे, ते वाचून खात्री करून घेतलीय, तेव्हा त्यावर चर्चा नको.

गेल्या दिवाळीत ओळखीपाळखीत फराळाचे ६० डबे विकले, १८ पौंडाला एक. आता एक इंडियन स्टोअरवाले म्हणताहेत, चकली आणि चिवडा वर्षभर द्या. खाद्यव्यवसायाची कौन्सिलकडची (म्हणजे इथल्या पालिकेकडची) नोंदणी मी विक्रीच्या २८ दिवस आधीच ऑनलाइन केली होती. फुकट असते, आणि चहा संपायच्या आत फॉर्म भरून झाला. बाबांनी दुकानाच्या गुमास्त्यासाठी घातलेल्या खेपा आठवल्या!

खरी परीक्षा तपासणीला बाई आल्या तेव्हा झाली. फ्रीजचं तापमान, हात धुवायचं सिंक, सगळं ठीक. मग मसाल्यांकडे वळल्या. हिंगाची डबी उलटी करून त्यांनी मला दाखवली: घटकांत गव्हाचं पीठ! इतकी वर्षं त्याच डबीतलं हिंग घालतेय, कधी वाचलं नव्हतं. भाजणीत तांदूळ आणि डाळी, गव्हाचा कण नाही, म्हणून मैत्रिणीच्या ग्लूटेन न चालणाऱ्या मुलाला हीच चकली देणार होते. अजून अंगावर काटा येतो. इथल्या १४ अ‍ॅलर्जनच्या (अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांच्या) यादीत तीळ, शेंगदाणे, काजू, दूध आहेतच, पण मोहरीही आहे. म्हणजे आपली साधी फोडणीसुद्धा!

तर अडलंय ते असं. सोल ट्रेडर (म्हणजे स्वतःच्याच नावावर धंदा) राहू की लिमिटेड कंपनी काढू? कंपनीज हाउसवर, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीच्या साइटवर, कंपनी घरबसल्या निघते, पण पत्ता सगळ्या जगाला दिसतो आणि आमचं घर भाड्याचं आहे. दुसरं, मोठी कढई, पॅकिंग मशीन वगैरेंसाठी सरकारी स्टार्ट अप लोन घ्यावं म्हणते. पण व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी निधीवर हक्क नाही) लिहिलंय. लोन घेतलं तर व्हिसा अडचणीत येईल का? नवरा नकोच म्हणतोय. आणि दुकानात ठेवायच्या पाकिटावर नेमकं काय काय छापावं लागतं?

– शेवग्याची शेंग

प्रतिसाद १
लोनचं आधी. 'पब्लिक फंड्स' म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते आणि घरासाठीची मदत, त्याची यादीच आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट वगैरे. स्टार्ट अप लोन त्यात नाही. ते व्याजासकट फेडायचं कर्ज आहे, ५०० ते २५,००० पौंडांपर्यंत. व्हिसा किती दिवस उरलेला असावा लागतो हे मात्र अर्जाआधी लोन देणाऱ्यांनाच विचारा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: हे कर्ज तुमच्या वैयक्तिक नावावर असतं. कंपनी काढली म्हणून त्यातून सुटका नाही. त्यामुळे दोन पाकिटांच्या मालासाठी मी तरी लिमिटेडच्या भानगडीत पडणार नाही.

बरं, ६० गुणिले १८ म्हणजे १०८०. एका करवर्षात एकूण विक्री (नफा नव्हे हं) १,००० पौंडांच्या वर गेली की एचएमआरसीकडे (इथलं करखातं) सेल्फ असेसमेंटची, म्हणजे स्वतः कर विवरणपत्र भरण्याची, नोंदणी करावी लागते, करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत. ही तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

प्रतिसाद २
पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, त्यात अ‍ॅलर्जन ठळक, निव्वळ वजन, बेस्ट बिफोर, आणि व्यवसायाचं नाव-पत्ता. म्हणजे पत्ता लपवायला लिमिटेड टाळलीत तरी पाकिटावर तो येणारच! २०१६ मध्ये नताशा नावाची मुलगी सँडविचमधल्या तिळाने गेली. घटक पाकिटावर नव्हते. त्यानंतर कायदा बदलला. तेव्हा तीळ म्हटलं की इथे कोणी हसण्यावारी नेत नाही. हिंगाखाली 'गव्हाचं पीठ' वेगळं लिहा. आणि घरमालकाची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको.

शेवग्याची शेंग
१०८० चा हिशोब मी केलाच नव्हता, डोक्यात फक्त तुपाचा खर्च होता. नवऱ्याला प्रतिसाद वाचून दाखवला, लोनवर गप्प झालाय. तांदळाच्या पिठातलं हिंग इथे कोणी पाहिलंय का? डबीमागचं वाचून मगच सांगा.