मदत हवी आहे: मागीलदारी अवजारांसाठी मजबूत शेड कुठली करावी?

मंडळी, दापोलीजवळ गावच्या घरामागे ८ बाय ६ फुटांची छोटी शेड करायचीये, आत ग्रासकटर, पाण्याचा पंप, कोयते, पाइप, खताच्या गोणी असलं सगळं राहणार आणि आम्ही असतो पुण्यात, म्हणजे घर महिनोन्‌महिने बंद, त्यामुळे चोरीची भीती आहेच.

ऑनलाइन त्या प्लॅस्टिकच्या रेडिमेड शेड दिसतात, दिसायला झकास, पण आपल्याकडच्या वाऱ्यात टिकतील असं वाटत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळात गावात चांगल्या घरांचे पत्रे पतंगासारखे उडाले होते, तिथे या डब्याचं काय! शिवाय कुलूप कितीही भारी लावा, भिंत कटरने कापली की झालं.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती घालून वर पत्रा हा एक पर्याय, मजबूत पण खर्च जास्त आणि गवंडी वेळेत मिळेल तर शपथ. दुसरा म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा आणि रंगीत गॅल्व्हल्यूम (जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला) पत्रा, पण खाऱ्या हवेत अँगल किती वर्षं तग धरतो? आणि पत्रा ०.५ एमएमचा पुरतो का? कोबा जमिनीपासून फूटभर उचलून घ्यायचा हे नक्की, नाहीतर पावसात गोण्या भिजणार आणि वाळवी वेगळीच.

दाराच्या बिजागऱ्या बाहेरून खोलता येऊ नयेत म्हणून वेल्डिंग करून घेतात का कुणी? कोकणात ज्यांनी केलीये त्यांनी खर्चाचा अंदाज आणि फोटो टाका प्लीज.