मदत हवी आहे: चादरीच्या नक्षीला पक्का होकार कसा घ्यायचा?
नमस्कार. सोलापुरात जॅकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरींची डिझाइन करते. एका कारखानदार काकांनी मोराची नक्षी मोबाइलवर बघून 'एक नंबर' म्हटलं. कार्डं (मागाला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची पानं) पंच झाली, नमुना विणून आला आणि मग, 'मान जरा जाड करा, हिरवा असा नको होता.' हे तिसऱ्यांदा!

स्क्रीनवरचा रंग आणि सुताचा रंग वेगळा, हे सांगून झालं. सुताचं शेडकार्ड दाखवलं, ग्राफची (चौकटी भरून काढलेल्या नक्षीची) प्रिंटही दिली. पण त्या चौकटींवरून त्यांना मोर दिसत नाही (माझ्या आईलाही दिसत नाही). रंग बदलायला सूत बदललं की झालं, पण मान बदलली की कार्डं पुन्हा. माणूस ओळखीतला, त्यामुळे करारपत्र नको.

कार्डं पंच करण्याआधी तुम्ही नक्षी खऱ्या मापात कशी दाखवता? आणि किती दुरुस्त्या फुकट, हे आधीच कसं बोलता?