पुन्हा: सायकलचा फोर्क ठाण्याला नेणार का कुणी? शुक्रवारच्या आत ठरवायचंय

प्रेषक: बाळू (ठाणे)

मंडळी,

नानाकाका शुक्रवारी न्यूझीलंडहून ठाण्याला निघतायत असं कळलं. काका, चेक-इनच्या बॅगेत दोनेक किलोची लांबट वस्तू मावेल का? दादा त्याचा पाइक, म्हणजे सायकलचा पुढचा सस्पेन्शन फोर्क, मला द्यायला तयार आहे. मी स्वतः नौपाड्यात येऊन घेऊन जाईन, तुम्हाला कुठे जावं लागणार नाही.

दादा, "डोळे मिटून बसेल" असं तू लिहिलंस, पण मी काल चाक काढून व्हर्निअरने सगळं मोजलं. फ्रेमची हेडट्यूब, म्हणजे जिच्यात फोर्कची दांडी फिरते ती नळी, सरळ आहे, आतून वर-खाली दोन्हीकडे ४४ मिमी. सध्याच्या फोर्कचा स्टीअरर, म्हणजे ती वरची दांडी, तोही सरळ, २८.६ मिमीचा. तुझा टेपर्ड, म्हणजे खालच्या टोकाला दीड इंच. शिवाय माझ्या पुढच्या चाकाचा हब (मधला भाग) क्विक रिलीजचा, म्हणजे बारीक आसाचा, १०० मिमी रुंद. तुझ्या फोर्कला १५ बाय ११० लागतो, म्हणजे १५ मिमी आसाचा, ११० मिमी रुंद.

४४ च्या हेडट्यूबमध्ये कुणी टेपर्ड बसवलाय का? शुक्रवारच्या आत कळायला हवं, नाहीतर काकांना उगाच ओझं.

बाळू

---

प्रेषक: दादा

> ४४ च्या हेडट्यूबमध्ये कुणी टेपर्ड बसवलाय का?

बसतो. हेडसेटचा, म्हणजे हेडट्यूबच्या बेअरिंगांचा, खालचा कप बाहेरून बसणारा घ्यायचा, ईसी४४/४० असं नाव सांगून माग. त्यात खालचं बेअरिंग हेडट्यूबच्या पोटात न राहता तिच्या खाली येतं, त्यामुळे दीड इंचाला जागा मिळते. वरचा कप आहे तोच राहू दे. हेडट्यूब ३४ ची असती तर विषय तिथेच संपला असता, ४४ ला मार्ग आहे. मात्र कप हातोडीने ठोकू देऊ नकोस. वाकडा बसला की हेडट्यूबचं तोंड खराब होतं. लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन सावकाश दाबत न्यायचा.

हबचं म्हणशील तर तो १५ बाय १०० चा असता तर दोन्ही बाजूंना ५-५ मिमीचे अडॅप्टर आणि डिस्कखाली स्पेसर लावून भागलं असतं. क्विक रिलीजच्या साध्या हबला तेही जमत नाही. पुढचं चाक नवीन करावं लागेल.

तरी फोर्क घेच. १४० मिमी दबणारा एअर फोर्क आहे, दोन्ही पाय ३५ मिमी जाड. इथे रोटोरुआला रेडवुड्सच्या जंगलात मी यावरच उतरतो. तू त्या १०० च्या स्प्रिंगवाल्या शॉकअपवर येऊरच्या दगडांतून उतरतोस याची मला खरंच काळजी वाटते.

---

प्रेषक: खारघरच्या वहिनी

बाळूभावजी, दादाभावजी, दोघांनाही सांगते. आधी टायर, मग फोर्क.

रोटोरुआचा अनुभव इथे लावू नका. तिथली माती ज्वालामुखीची, सच्छिद्र, पाणी लगेच मुरतं, पावसानंतरही पकड राहते. मी दोन वर्षं तिथे चालवलंय. इथेही खडक ज्वालामुखीचाच, पण तो घट्ट बेसॉल्ट. जुलैत त्यावर शेवाळ धरतं आणि ऑक्टोबरनंतर त्याच वाटेवर सुटा मुरूम. खारघरच्या डोंगरावर तर सावलीसुद्धा नाही, उन्हाने सगळं मोकळं होऊन घरंगळत असतं. अशा वाटेवर पुढचं चाक सरकलं तर १४० मिमीचा फोर्क काय करणार? फोर्क धक्का घेतो. पकड टायरचीच.

भावजींच्या सायकलवर अजून कंपनीचेच २.१ इंची टायर आहेत ना? कडेचे ठोकळे तीन-चार मिमीचे असतात त्यांचे. पुढे २.४ चा, कडेला उंच आणि सुटे ठोकळे असलेला टायर घाला, रबर मऊ. मागे थोडा कमी दातांचा, कडक रबराचा चालेल, मागचं सरकलं तर सावरता येतं. मॅक्सिस कंपनीच्या टायरमध्ये पुढे हाय रोलर किंवा मिनिअन डीएचएफ, मागे रेकॉन किंवा अर्डंट, अशी जोडी इथे बरेच जण लावतात. मी मागे अर्डंटच ठेवलाय. मुरुमात ब्रेक मारताना तो थोडा घसरतो, पण पाम बीच रस्त्यावरून घरी येताना पाय दुखत नाहीत.

काकांच्या बॅगेत जागा असेल तर टायर न्या. घडी घालता येतात.

---

प्रेषक: माई

सर्वांना नमस्कार,

सामान नेण्या-आणण्याच्या विनंत्या "प्रवास-सोबत" या विषयाखाली पाठवायच्या हे संक्रांतीच्या बैठकीत ठरलं होतं. मुख्य मेल-यादीवर सध्या गणपतीच्या हॉलच्या वर्गणीचा निरोप आहे, तो या धाग्याखाली दबला. अजून निम्म्या घरांचं उत्तर आलेलं नाही.

भारतात परत गेलेल्या सभासदांनी यादीवर राहावं, लिहावं, यात मला आनंदच आहे. पण हॉल इथे घ्यायचाय.

माई

---

प्रेषक: नानाकाका

बाळू,

नेईन रे. पण तीन गोष्टी आधी सांगतो. बॅग २३ किलोची आणि तिच्यात मनुका झाडाच्या मधाच्या बाटल्या आहेत, नातवाच्या मुंजीचे कपडे आहेत. तुझ्या त्या वस्तूतून तेल गळतं का? सोवळ्यावर तेलाचा एक डागही मला चालणार नाही. दुसरं, सिंगापूरला विमान बदलायचंय, तिथे बॅग उघडायला लावली तर हे काय आहे ते मला सांगता आलं पाहिजे, कागदावर लिहून दे. तिसरं, कस्टमला विचारलं तर जुनी वस्तू आहे असं मी सांगेन, कारण ती जुनी आहे. नवीन वस्तू जुनी म्हणून मी नेणार नाही. टायर नवे असतील तर त्यांची पावती बरोबर द्या.

नाना

---

प्रेषक: छोटू

> टायर नवे असतील तर त्यांची पावती

टायर इथून नेऊच नका ना, मुंबईत मिळतात. जड असतात, चांगल्या २.४ च्या २९ इंची टायरचं वजन किलोच्या आसपास जातं. त्यापेक्षा ट्यूबलेसच्या व्हॉल्व्हची जोडी आणि रिम टेप न्या, खिशात मावतं.

आणि बाळूदादा, ट्यूबलेस करणार असशील तर सीलंट (टायरच्या आत घालायचं, भोक बुजवणारं द्रव) इथल्यासारखं पाच-सहा महिने टिकेल असं धरू नकोस. मी मागच्या उन्हाळ्यात ढोकाळीला आजीकडे होतो. दोन-अडीच महिन्यांत आत नुसत्या रबराच्या पापड्या राहिल्या होत्या. वाटेत बोरीचा काटा लागला आणि चाक बसलं. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून काडी घालून बघायचं, ओली आली तर ठीक.

---

प्रेषक: बाळू (ठाणे)

नानाकाका, हवा काढून, खालची तोंडं प्लास्टिकने बांधून दादा देईल. तेल आत असतं ते पायांत बंद असतं. तरी मी दादाला वेगळ्या पिशवीत गुंडाळायला सांगतो. सोवळ्याजवळ ठेवूच नका.

माई, वर्गणी पाठवली आहे. आम्ही गणपतीला तिकडे येणार आहोत, त्यामुळे हॉल आमचाही आहे.

वहिनी, टायरचं तुमचं पटतं, पण माझ्या रिमची आतली रुंदी १९ मिमी आहे. तिच्यावर २.४ चा टायर बसेल, पण वर फुगेल आणि खाली अरुंद राहील. हवा कमी केली की वळणावर लोळतो. मित्राच्या सायकलवर पाहिलंय मी, उपवनच्या बाजूच्या चढावरसुद्धा नको वाटत होतं. शिवाय रिम ट्यूबलेसची नाही. दुकानदार म्हणतो टेप मारून करून देतो. मला तो भरवसा नाही. उतारावर टायर रिममधून सुटला तर पुढे दगड आहेत.

आता दादाच्या १४० बद्दल. हिशेब असा: १०० वरून १४०, म्हणजे ४० मिमी. बाहेरचा कप खाली आणखी १२ मिमी वाढवतो. सायकलची पुढची बाजू ५२ मिमी वर. साधारण २० मिमीला एक अंश धरतात, म्हणजे हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) अडीच अंश मागे जाणार आणि सीटही तेवढीच मागे कलणार. येऊरच्या गेटपासून वरच्या चढावर पुढचं चाक उचलत राहील. आणि फ्रेमवाल्यांनी १२० पर्यंतच परवानगी दिली आहे. हेडट्यूबच्या वेल्डवर लांब फोर्कचा जोर येतो, अ‍ॅल्युमिनिअम आहे, मला तिथे खेळायचं नाही. १४० असेल तर नको, दादा. मनापासून सांगतो.

---

प्रेषक: दादा

> १४० असेल तर नको

अरे, १२० करता येतो. पाइकचा डावा पाय उघडून आतला एअर शाफ्ट बदलायचा, १२० चा शाफ्ट वेगळा मिळतो. बाहेरून फोर्क तोच. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकला आत्ताच विचारलं, त्याच्याकडे आहे. त्याच वेळी खालचे पाय काढून तेल आणि फोम रिंगही बदलून घेतो, पन्नास तासांची सर्व्हिस तशीही करायचीच होती. तुझ्याकडे जूनपासून चिखल, वायपर सील कोरडे पडले की सगळा गाळ आत जातो. दर राइडनंतर फोर्कचे पाय पुसायचे, पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारायचा नाही.

एक महत्त्वाचं. माझा स्टीअरर कापलेला आहे, १७८ मिमी. तुझी हेडट्यूब किती लांब?

---

प्रेषक: खारघरच्या वहिनी

> ढोकाळीला आजीकडे होतो

छोटू, बोरीच्या काट्यापेक्षा आमच्याकडे बाभळीचा त्रास जास्त. ओवे कॅम्पच्या बाजूला तर गुरांच्या वाटेवर कुंपणाचे काटे पडलेले असतात. सीलंटने बोरीचं भोक बुजतं, बाभळीचं बुजेलच असं नाही. भोकात खुपसायची प्लगची पट्टी जवळ ठेवायची.

आणि हवा किती ठेवावी हे कुणीच लिहिलं नाही. ट्यूब असेल तर दगडावर ट्यूब चिमटून फुटते, म्हणून लोक ३५-४० पीएसआय भरतात आणि मग म्हणतात टायर सरकतो. ट्यूबलेस केलं की ती भीती जाते. मी ५८ किलोची, पुढे २१, मागे २४ ठेवते. भावजी जाड आहेत, पुढे २५-२६ पासून सुरुवात करा.

---

प्रेषक: बाळू (ठाणे)

दादा, हेडट्यूब १२० मिमी. वरच्या हेडसेटची उंची ८, खालचा कप १२, स्टेमची (हँडल धरणाऱ्या भागाची) पकड ४०. बेरीज १८०. स्टीअरर स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिमी खालीच हवा, तरच वरची टोपी दाब देऊ शकते. म्हणजे १७८ नेमका बसतो, स्टेमखाली एकही स्पेसर (उंची वाढवणारी कडी) न ठेवता. फोर्क १२० केला तरी पुढची बाजू २० अधिक १२, म्हणजे ३२ मिमी वर जाणारच आहे, त्यामुळे स्पेसर नसले तर हँडल उलट बऱ्या उंचीवर येईल. मी दोनदा मोजलंय, बायकोकडूनही मोजून घेतलंय.

मग घेतो. १२० करूनच पाठव.

वहिनी, तुमच्या वादाचाही निकाल यातच लागतो. पुढचं चाक नवीन करायचंच आहे, तर रिम ३० मिमी आतली रुंदी असलेली, ट्यूबलेसचीच घेतो. २.४ चा टायर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून. मागचं चाक तूर्तास तसंच, ट्यूबसकट. गिअरला हात लावत नाही. १२ गिअर करायचे तर मागचा हबही बदलावा लागतो, शिमानोच्या १०-५१ दातांच्या गिअरसंचाला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा हब लागतो. ते पुढच्या वर्षी.

ब्रेकचं राहिलं. दादा, तुझ्या फोर्कवर पोस्ट माउंट (ब्रेक बसवायची जागा) थेट १८० मिमीच्या डिस्कचा आहे ना? माझी डिस्क १६० ची आहे, ती चालणार नाही. १८० ची इथे घेतो.

येऊरबद्दल एक बोलायचंय, कारण मागच्या वेळी कुणीतरी "नवीन वाट पाडूया" असं लिहिलं होतं. कृपया नको. ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, बिबट्या आहे आणि पाड्यांतली माणसं त्याच वाटांनी पाणी, सरपण आणतात. पावसात चाक घसरवत उतरलं की वाटेला चर पडतो, पुढच्या पावसात त्यातूनच पाणी वाहतं आणि वाट तुटते. मळलेल्या वाटेवर, गेट उघडं असतानाच, आणि माणूस दिसला की उतरून बाजूला. मला चांगला फोर्क आणि चांगला टायर हवाय तो ब्रेक न दामटता, चाक न घसरवता उतरता यावं यासाठीच.

---

प्रेषक: माई

बाळू,

वर्गणी पोचली. धन्यवाद.

गणपतीला सायकल बरोबर आणणार असशील तर आठवण करून देते. ऑकलंडला उतरल्यावर सायकल, बूट, तंबू जे काही मातीत वापरलंय ते फॉर्मवर जाहीर करायचं. टायरच्या दातांत येऊरची माती सापडली आणि लिहिलेलं नसलं तर जागेवर ४०० डॉलर. आमच्या भाचीच्या ट्रेकिंगच्या बुटांसाठी तासभर थांबलो होतो. तिने लिहिलं होतं म्हणून फक्त धुवून दिले. या देशाला बाहेरचं बी, बुरशी नको आहे आणि ते बरोबरच आहे.

हा धागा आता "प्रवास-सोबत" मध्ये हलवते आहे.

---

प्रेषक: दादा

हो, थेट १८०.

शाफ्ट उद्या संध्याकाळी बदलून मिळेल. हवा काढून देतोय, त्यामुळे पोचल्यावर फोर्क मऊ लागला तर घाबरू नकोस. शॉक पंपही टाकतो. चाकाच्या पंपाने भरायला जाऊ नकोस, त्याच्या काट्यावर दोन-चार पीएसआयचा फरक दिसत नाही. फोर्कच्या पायावर तक्ता छापलेला आहे, तुझ्या वजनाचा आकडा बघून भर. मग सगळं सामान अंगावर घेऊन सायकलवर उभा राहा. फोर्कच्या पायावरची रबराची रिंग २४ ते ३० मिमी सरकली तर बरोबर. जास्त सरकली तर हवा वाढव. रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) मधोमध ठेवून सुरुवात कर.

काका, कागदावर मजकूर लिहिलाय: सायकलचा पुढचा सस्पेन्शन फोर्क, वापरलेला, हवा काढलेली. तेवढं पुरेल.

---

प्रेषक: नानाकाका

दादा, गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत आणून दे, आठला बॅग वजन करून बंद करतो. पंपाचं वजन वेगळं सांग, कालच्या दोन किलोत ते धरलेलं नव्हतं.

बाळू, शनिवारी दुपारी ये. मुंज रविवारी आहे, तिलाही ये, घरचाच आहेस. वहिनींनाही खारघरहून घेऊन ये, आणि छोटूच्या आजीला ढोकाळीहून आणायची सोय झाली तर बघ, त्यांना जिना चढवत नाही, आपली लिफ्ट चालू आहे असं सांग.

नाना